इंदक्का, तुझाही फॉर्म मीच भरला होता

प्रिय इंदक्का,

काल केंद्राच्या हॉलमध्ये तुझ्यासाठी आम्ही सगळे जमलो होतो. तुझ्या निपाणीच्या भावानं तुझ्या फोटोपुढे हार घातला, उदबत्ती लावली आणि पाण्याचा भरलेला पेला ठेवला. तो हात जोडून मागे सरकतो न सरकतो तोच आपला चंद्रू उठला, पेला उचलला आणि शांतपणे खिडकीबाहेर रिकामा करून परत जागेवर ठेवला. भाऊ ओरडला, "अहो, हे काय! कोण हा माणूस?" आणि मला हसू फुटलं गं! आवरेचना. मग स्वयंपाकघरातली आपली पुट्टम्मा हसली, मग माझ्या जोडीला काम करणारा जोसेफ, मग अख्खा हॉल. तुझ्या शोकसभेत पोट धरून हसलो आम्ही. तुला राग आला नसेलच म्हणा. तुला कधी आला होता?

त्या बिचाऱ्या भावाला मी मागाहून समजावून सांगितलं. म्हटलं, चंद्रू बेचाळीस वर्षांचा आहे, बोलत नाही, आणि भरलेला पेला दिसला की तो ओतून टाकल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. कुणाचाही असो, देवाचा असो की मंत्र्याचा. तो म्हणाला, "इंदीनं आम्हाला हे काही सांगितलं नाही." मी म्हटलं, "तिनं आम्हालाही बरंच काही सांगितलं नाही." बोलून गेले आणि तिथून उठलेच.

पण पत्र लिहायला बसले ते याच्यासाठी नाही. कार्यक्रम संपल्यावर समितीच्या अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "मंदा मॅडम, इंदक्कांची जागा तुम्ही सांभाळा. सोमवारी उत्तर द्या." माझं हसणं तिथंच थांबलं. बाप्पा! मी? डोक्यात राख घालून घेणारी मी, आणि तुझी खुर्ची? आज शनिवार. हे लेकीला घेऊन तिच्या चित्रकलेच्या वर्गाला गेलेत. येलहंक्याच्या घरात मी एकटी आहे, आणि असला सल्ला मी सात वर्षं फक्त तुलाच विचारत आले. मग आता कोणाला विचारू?

पहिले सहा महिने मी तुला अहो-जाहो करायचे, आठवतं? ह्यांची बंगळूरच्या कंपनीत बदली झाली, नागपूर सुटलं, इथे कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. घरात बसून वेड लागायची पाळी आली तेव्हा कुणीतरी सांगितलं, मल्लेश्वरममध्ये आठव्या क्रॉसला, म्हणजे आठव्या गल्लीत, एक केंद्र आहे, मोठ्या वयाच्या मतिमंद लोकांचं, तिथे माणसं हवीत. म्हातारे आईबाप सकाळी आपली चाळिशीची लेकरं सोडून जातात, संध्याकाळी घेऊन जातात. मी मुलाखतीला आले तेव्हा तू काय विचारलंस? ना शिक्षण, ना अनुभव. विचारलंस, "राग येतो का गं तुला?" मी म्हटलं, "छे! मुळीच नाही." तू हसून म्हणालीस, "सरी, बरं, मग उद्यापासून ये." खोटं बोलले म्हणून घेतलंस की खरं वाटलं म्हणून, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

खरं काय ते तीन आठवड्यांत सगळ्यांना कळलं. त्या दिवशी चंद्रूनं माझा चहा ओतला. दुसरा करून आणला, तोही ओतला. तिसराही. पुट्टम्मानं स्वयंपाकघरातून चौथा कप पाठवला आणि तो माझ्या हातातून काढून घेऊन त्यानं बादलीत रिता केला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर स्टीलचं ताट होतं, ते उचललं आणि आदळलं! ते मेलं थांबेचना. गरगरत, खणखणत सगळा हॉल फिरलं आणि जोसेफच्या पायाशी जाऊन आडवं झालं. तीस माणसं चिडीचूप. आणि मग चंद्रूनं टाळ्या वाजवल्या.

मी पर्स उचलली. नोकरी गेली हे मला सांगायची गरज नव्हती. अशा ठिकाणी ताट आपटणाऱ्या बाईला कोण ठेवेल? दारात तू उभी. "कुठं निघालीस? स्वल्प बस की."

आणि तू तो फॉर्म काढलास. आपल्या मंडळींपैकी कुणी चावलं, डोकं आपटलं, ताट फेकलं की आपण भरायचो तो सायक्लोस्टाइल केलेला फॉर्म. नाव, वय, आधी काय घडलं, काय केलं, नंतर काय झालं, कशानं शांत होतो. तू चष्मा लावून विचारलंस, "नाव मंदाकिनी. वय?"

"अहो, काय चेष्टा करता?"

"वय सांग."

"अठ्ठावीस."

"काय केलं? ताट फेकलं. आधी काय घडलं?"

"चंद्रूनं चहा ओतला."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधीपण ओतला."

"त्याच्याही आधी?"

मी सांगत गेले. सकाळी काही खाल्लं नव्हतं. येलहंक्याहून बसमध्ये उभी आले, एका बाईनं कन्नडमध्ये झापलं आणि मला उत्तर देता आलं नाही. घरी नळाला पाणी नव्हतं. तू आपली विचारत राहिलीस, "त्याच्या आधी?" आणि मी मागे मागे जात पार नागपूरच्या स्टेशनवर पोचले, जिथे माझी आई गाडीबरोबर चालत होती. मग मी जी रडले! तू कागद बाजूला ठेवला नाहीस. मी थांबेपर्यंत बसलीस, आणि शेवटच्या ओळीत, कशानं शांत होते, त्यापुढे लिहिलंस: चहा, पूर्ण कप, चंद्रूकडे पाठ करून.

मी म्हटलं, "म्हणजे मला काढत नाही?"

"ताट फेकलं म्हणून चंद्रूला काढलं का कधी?"

मी एवढी मोठी बाई, मला त्या क्षणी तुझ्या गळ्यात पडावंसं वाटलं. पडले नाही. त्याऐवजी फणकाऱ्यानं म्हटलं, "मग सगळ्यांचे भरा की फॉर्म, मी एकटीच काय पाप केलंय!" आणि तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी फार शहाणपणाचं काही बोलले आहे.

झालं! त्या आठवड्यापासून आपण एकमेकांचे फॉर्म भरायला लागलो. काय धमाल होती, अक्का! आपल्या मंडळींचं निरीक्षण करून करून नजर इतकी तयार झाली होती की कुणाचं काही लपत नसे. जोसेफच्या फॉर्मवर मी लिहिलं: आवाज चढवत नाही, पण राग आला की सगळ्यांच्या चपला ओळीत लावतो, आज तीनदा लावल्या. पुट्टम्माचा जोसेफनं भरला: बिनसलं की सारात मीठ वाढतं. ती चवताळून स्वयंपाकघरातून आली, "कोण म्हणतं?" आणि त्या दिवशीचं सार कुणाला तोंडात घालवेना. माझे तर इतके फॉर्म झाले की त्यांना वेगळी दोरी बांधावी लागली.

त्यावरून तू कामाच्या वेळा नव्यानं लावल्यास. मी म्हटलं, "अक्का, माझा स्वभाव बदलायचं काहीतरी सांग." तू म्हणालीस, "स्वभाव राहू दे की तुझा. वेळापत्रक बदलूया." सकाळचा गोंगाटाचा तास मला दिलास, कारण तेव्हा माझ्यात दहा माणसांचा जोर असतो. तीननंतर माझ्याकडे फक्त बाग. ज्यांना एकेक घास भरवायला अर्धा तास लागतो त्यांच्याजवळ जोसेफ. त्याच्यासारखी सबुरी माझ्यात सात जन्मांत येणार नाही आणि माझ्यासारखा नाच त्याच्यानं होणार नाही. सहा महिन्यांत दोन जण नोकरी सोडणार होते, एकही गेला नाही. माझी पाठ दुखायची थांबली. घरी हे विचारायला लागले, हल्ली तू भांडत नाहीस, बरं नाही का?

फक्त एकाच माणसाचा फॉर्म कुणी भरत नव्हतं. तुझा. काय लिहिणार? तू कधी चिडायचीच नाहीस.

आणि मग तो चंद्रूचा मोठा भाऊ आला. शर्टाचं बटण तुटलं म्हणून सगळ्यांसमोर मला नाही नाही ते बोलला. मला वाटलं, आता तू माझी बाजू घेशील. तू काय केलंस? हसलीस! त्याला खुर्ची दिलीस, कॉफी दिलीस, आणि तो गेल्यावरही हसतच होतीस. अक्का, तेव्हा तुझा इतका राग आला होता मला! कोपऱ्यात बसून मी तुझा फॉर्म भरला, पेन कागदात रुतवून. अजून तोंडपाठ आहे. नाव इंदिरा. वय बावन्न. आधी काय घडलं: काहीही घडो. काय करते: हसते. नंतर काय झालं: अजून हसते. पण हात लिहायला लागला की सवयीनं सगळंच उतरतं. पुढे मी लिहिलं: हल्ली जेवण कमी. जिन्यात मधल्या पायरीवर थांबते. डावा खांदा चोळते. दुखतं का विचारलं तर नाही म्हणते. कशानं शांत होते: माहीत नाही, विचारू देत नाही.

तुझ्या टेबलावर ठेवायचा होता, तुला टोचायला म्हणून. घाईत तो आमच्या सगळ्यांच्या फॉर्मसकट मंडळींच्या फाइलीत गेला. आणि त्याच शनिवारी नवे डॉक्टर पहिल्यांदा आले!

काय माणूस होता! तरुण, टापटीप. म्हणाला, आधी फाइल वाचतो, मग एकेकाला बघतो. तासभर बसून लाल शाईनं प्रत्येक फॉर्मवर सल्ला लिहिला. माझ्यावर: भूक लागली की चिडते, अकरा वाजता खायला द्या, चारचौघांत टोकू नका. जोसेफवर: याला स्वतःचं एक कपाट द्या. पुट्टम्मावर: मिठाचा डबा हाताशी ठेवू नका. मग बाहेर येऊन गंभीरपणे म्हणाला, "मंदाकिनी कोण? आज सकाळपासून काही खाल्लं का तिनं?" माझ्या हातात उपम्याची बशी! जोसेफ भिंतीकडे तोंड करून थरथरत होता, हसू दाबून.

तू म्हणालीस, "डॉक्टर, स्वल्प घोटाळा झालाय." त्यानं ऐकूनच घेतलं नाही. "ते राहू द्या. आधी ही इंदिरा कुठे आहे? तिला ताबडतोब पाठवा. ही दुखणं लपवते आहे. तिच्या हसण्यावर जाऊ नका."

तू तिथंच उभी होतीस, हातात हजेरीपट घेऊन. पहिल्यांदाच पाहिलं मी तुझ्या चेहऱ्यावर काय करावं ते न सुचणं. "इंदिरा मीच," म्हणालीस. "पण मी इथली... मी इथं चालवते सगळं."

डॉक्टरचे कान लाल झाले. त्यानं कागद बघितला, तुझ्याकडे बघितलं, परत कागद बघितला. मला वाटलं आता माफी मागून पळेल. पण तो म्हणाला, "वय बावन्नच ना? खांदा दुखतो ना? मग बसा." आणि तू बसलीस! मुकाट्यानं! तुला कुणाचं ऐकताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी जोसेफ आणि मी तुला मोठ्या दवाखान्यात नेलं. हृदयाचं निघालं. अजून महिनाभर थांबला असतात तर, एवढंच म्हणून तिथल्या डॉक्टरांनी हात हलवला. गोळ्या, पथ्य, दोन महिने सक्तीची रजा. रजेत तू रोज फोन करायचीस आणि पुट्टम्मा तुझा आवाज ओळखून सरळ फोन ठेवून द्यायची. मग तू परत आलीस, बारीक होऊन, दोन पाकिटं म्हैसूरपाक घेऊन, स्वतःला वर्ज्य असलेला. त्यानंतर पाच वर्षं मिळाली आपल्याला. माझ्या रागानं मिळवलेली पाच वर्षं, असं मी सगळ्यांना सांगत फिरते. फुशारकी म्हण हवं तर.

आणि काय वर्षं होती ती! माझी लेक तुझ्या मांडीवर बसायला शिकली. लालबागेच्या सहलीत आपली तीस मंडळी फुग्यांसकट गर्दीत पांगली आणि एकेक करून सगळी आइस्क्रीमच्या गाडीपाशी सापडली. कर्नाटक राज्योत्सवाला तू मला कन्नडमध्ये भाषण करायला लावलंस आणि माझं कन्नड ऐकून चंद्रूनं कान झाकले. लोक विचारायचे, दिवसभर अशा माणसांत राहून तुम्हाला ताण येत नाही? तू म्हणायचीस, "येतो की. पण कुणाला किती आला ते आम्हाला माहीत असतं."

मग हे काय केलंस, अक्का?

मागच्या महिन्यात तू जिन्यात थांबलीस. मधल्याच पायरीवर. मी खाली होते, दहा जणांना व्हॅनमध्ये चढवत. वर पाहिलं. तू हसलीस. आणि मी, जिनं एकदा तुझं हसणं कागदावर पकडलं होतं, तीच मी, घाईत होते म्हणून उलट हसले आणि तोंड फिरवलं. मनात आलं होतं, सोमवारी विचारू. रविवारी सकाळी पेपर वाचता वाचता तू गेलीस. गोळ्या आठ दिवसांपूर्वीच संपल्या होत्या म्हणे. आठ दिवस! आणायला एक माणूस मिळाला नाही तुला? मी मेले होते का? काहून सांगितलं नाहीस? मी रागावले असते म्हणून? रागावलेच असते! दुकानापर्यंत रागावत गेले असते आणि गोळ्या घेऊन रागावत परत आले असते.

हे काल मी जोसेफला बोलले. हॉल झाडून झाला होता, सगळे गेले होते. मी म्हटलं, "अध्यक्षांना नाही सांगणार आहे. ती खुर्ची शांत माणसाची. तू घे." जोसेफ कसा आहे तुला ठाऊक आहे, आठवड्यात दहा वाक्यं बोलतो. त्यातली चार काल एकदम खर्च केली.

म्हणाला, "मी नाही घेणार. मला काय होतं ते मलाच कळत नाही. तुला सकाळी काही झालं तर दुपारपर्यंत अख्ख्या आठव्या क्रॉसला कळतं. अक्काचं आम्हाला कळलं नाही, मंदा."

मी केरसुणी उचलली आणि झाडलेला हॉल पुन्हा झाडायला लागले. मी, आणि न भांडता! तू असतीस तर फॉर्म काढला असतास.

रात्रभर तेच डोक्यात होतं. मी इतकी वर्षं समजत होते की तुझं काम जमायचं तर तुझ्यासारखं व्हावं लागेल, आणि ते आपल्याच्यानं होणं नाही. तुझं हसणं मला फार फार आवडायचं, अक्का, खोटं नाही सांगत. पण त्याच्या आड तू एकटी जिना चढत होतीस. नव्यानं येणाऱ्या पोरीही तुझ्याकडे बघून हसायलाच शिकल्या असत्या. मला ते नको आहे. गेल्या महिन्यात लागलेली ती हुबळीची मुलगी, सरोजा, परवा बाथरूममध्ये जाऊन रडून आली आणि बाहेर येऊन म्हणाली, "काही नाही ताई, डोळ्यात साबण गेला." मी तिला खांद्याला धरून बसवलं आणि विचारलं, "त्याच्या आधी?" बराच वेळ सांगत होती. ऐकता ऐकता मी तिला दोनदा ओरडलेही, एवढं अंगावर काढलंस म्हणून. ओरडा खाऊन ती हसली.

तर सोमवारी मी हो म्हणणार आहे. तुझ्यासारखी होईन असं वचन मी देत नाही, ते मला पाळता येणार नाही. माझा आवाज चढेल, एखादं ताटही आपटेल, अध्यक्षांचीही कधीतरी भंबेरी उडेल. ज्याच्यावर चिडले त्याची त्याच दिवशी, घरी जायच्या आत माफी मागेन. जिन्यात कुणी थांबलं तर हातातलं काम टाकून वर जाईन, मग व्हॅन खोळंबली तर खोळंबू दे. आणि एक मात्र वचन, तुझी शपथ घेऊन: मला दुखलं तर मी हसणार नाही. दुखतंय म्हणून सांगेन, आणि इतक्या मोठ्यांदा सांगेन की तिथे तुलाही ऐकू येईल.

तुझीच,
तापट मंदा